एका रिंगटोनचे निमित्त

रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात गझलांचा कार्यक्रम असला, की तो संपल्यावर आम्हा तिघींची पावले आपोआप महालाकडे वळतात. 2017 साली ते सभागृह उघडले तेव्हापासूनचा हा परिपाठ. करोनाची दोन वर्षे काय ती सुटली. आम्ही तिघीही प्राध्यापिका. मी मराठीची, एक हिंदीची आणि एक इतिहासाची. बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत सावजी भोजनालय आहे. तिथे आत ‘फॅमिली’साठी पडद्याआड चार बाके टाकली आहेत. पडदा अर्धाच ओढायचा, म्हणजे बाहेरचे सारे दिसते आणि आपण फारसे दिसत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो.

मग आमचा खेळ सुरू होतो. समोरचा माणूस कोण असेल, हे त्याच्या जेवण्यावरून ओळखायचे. सावजी जेवणाला बसलेल्या माणसाला फार वेळ सोंग टिकवता येत नाही. कोष्ट्यांच्या घरांतून आलेला तो काळसर रस्सा, त्यातली खसखस, सुके खोबरे, जुन्या पद्धतीचे जवसाचे तेल. तिसऱ्या घासाला कपाळ भिजते, नाक वाहू लागते आणि पदवी, हुद्दा, इस्त्री सगळे गळून पडते. तर्री मागणारे वेगळे, ती वाटीच्या कडेला हळूच सारणारे वेगळे. पडद्याआडून लोकांचे असे मोजमाप घेणे सभ्यपणाचे नाही, हे आम्हाला कळते. पण तासाभरापूर्वी भरसभागृहात शेरांना डोळे मिटून दाद देणाऱ्यांनाही आम्ही असेच न्याहाळलेले असते.

त्या रात्री कोपऱ्यात पन्नाशीचा एक गृहस्थ एकटाच जेवत होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, चेहऱ्यावर करडेपणा. ‘वसुली अधिकारी,’ इतिहासाने निकाल दिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. उजवा हात कोपरापर्यंत म्हणावा इतका रश्शात, फोन उजव्या खिशात, आणि डावा हात काही केल्या तिथवर पोचेना. ते गाणे तेवढा वेळ साऱ्या खोलीत घुमत राहिले. ‘तुम तो ठहरे परदेसी’. अल्ताफ राजा. शेवटी फोन कसाबसा कानाला लागला आणि तो गृहस्थ म्हणाला, “हो आई, जेवून राहिलो.” आमचा वसुली अधिकारी तिथेच बाद झाला. माझी मैत्रीण मात्र माझ्याकडे पाहत होती.

“गाऊन राहिली होती नं तू?”

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. माझी बोटे अजून स्टीलच्या ताटावर ठेका धरून होती. वर्गात ग्रेस शिकवणारी बाई ती हीच.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती कॅसेट आली तेव्हा मी ज्युनियर कॉलेजात होते. पानठेल्यावर, ट्रकमध्ये, वरातीत, रसवंतीवर तेच गाणे. आमच्या घरी ते वर्ज्य होते. ‘ठेल्यावरचे’ एवढ्या एका शब्दात त्याची समीक्षा झालेली होती. गायक नागपूरचाच जन्मलेला, हेही अभिमानाने सांगायची सोय नव्हती. मी ते गच्चीवर, शेजारच्यांच्या टेपवरून ऐकले आणि पाठ केले. तो चोरटा आनंद इतकी वर्षे मी तसाच सांभाळला.

त्या रात्री मात्र आम्ही तिघी पडद्याआड महिने मोजू लागलो. त्या लांबलचक गाण्यात जानेवारीत नजरानजर होते आणि प्रेमाची सारी कथा डिसेंबरपर्यंत महिन्यामहिन्याने पुढे सरकते. ऑगस्टनंतर आमची गाडी अडली. तेव्हा हिंदीची मैत्रीण सहज म्हणाली, “हा तर बारहमासा आहे.” आणि ते खरेच आहे. जायसीच्या ‘पद्मावत’मध्ये नागमतीचा विरह आषाढापासून महिन्यामहिन्याने वाढत जातो, नवरा परदेशी, ही त्या प्रकाराची मूळ अटच. स्वारीवर गेलेल्याची वाट पाहणारी आपल्या लावणीतली विरहिणीही त्याच गोतातली. इथे परदेसी ती झाली आहे आणि तक्रार करणारा पुरुष. ऋतू जाऊन भिंतीवरचे कॅलेंडर आले आहे, ज्यात पगाराची तारीख आणि गॅसची नोंद असते. विरहाला सावन-भादों राहिले नाहीत. एवढा बदल एखाद्या कवितेत झाला असता, तर आपण त्यावर चर्चासत्र घेतले असते.

माझा घास तिथेच थांबला, कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

बाराएक वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी नेमका हाच विषय आणला होता. मुलगा अबोल. वडिलांचा पानठेला, आणि हे गाणे तो तिथेच बसून ऐकलेला. जायसी त्याने अनुवादातून वाचला होता. मी हसले. ‘विषय वाङ्मयीन हवा’ असे म्हणाले. विभागातल्या इतरांसमोर तो प्रसंग किस्सा म्हणून सांगितलाही. त्याने मुकाट्याने ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर लिहिले आणि चांगले गुण मिळवले. पुढे पीएच.डी.चे विचारले तेव्हा ‘नको मॅडम’ एवढेच बोलला. मला त्या गाण्याचा शब्द न् शब्द ठाऊक होता, हे मी त्याला सांगितले नव्हते. अज्ञानातून हसले असते, तर एक वेळ चालले असते.

“मग आता सांग नं त्याला,” इतिहास म्हणाली आणि तिने पाटवडीचा तुकडा रश्शात बुडवला.

त्याच्या वर्गातल्या एकीकडून नंबर मिळवायला आठवडा गेला. तो आता एका शाळेत मराठी शिकवतो. मी सविस्तर लिहिले, चूक कबूल केली, नागमतीचेही लिहिले. दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी आले: “मॅडम, तुम्हाला बारा महिने पाठ आहेत?”

मी खरे तेच कळवले. ऑगस्टपर्यंत.