नदीला संसद असलेला मुलूख

दिल्लीहून निघालेली गाडी साधारण तीन तासांत अलवरला पोहोचते. तेथील प्रसिद्ध कलाकंदाची चव घेऊन पर्यटक सरिस्काचे वाघ नाहीतर भानगढचा ओसाड किल्ला पाहायला निघतात. याच भागात, थानागाजी तालुक्यातील अरवलीच्या डोंगरांत एक लहानशी नदी उगम पावते. तिचे नाव अरवरी. लांबी जेमतेम ४५ किलोमीटर. पर्यटकांच्या यादीत तिला जागा नाही; पण तिची कहाणी कोणत्याही किल्ल्याच्या कहाणीपेक्षा कमी नाही.

ऐंशीच्या दशकात ही नदी नावापुरतीच उरली होती. पावसाळा सरला की पात्रात वाळू आणि दगडगोटे. डोंगर उघडेबोडके, विहिरी कोरड्या. घरातले कर्ते पुरुष कामासाठी शहरांकडे गेलेले आणि बायकांचा निम्मा दिवस पाण्याच्या पायपिटीत जायचा.

१९८५ मध्ये तरुण भारत संघाचे राजेंद्रसिंह आणि त्यांचे काही सहकारी या भागात आले. शाळा काढावी, औषधोपचार करावेत, असा त्यांचा मानस होता. गावातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र त्यांच्या हाती कुदळ दिली. आधी पाण्याचे बघा, बाकीचे मागाहून! गोपालपुरा गावातला गाळाने भरलेला जुना जोहड उपसण्यापासून कामाला सुरुवात झाली.

जोहड म्हणजे उतारावर घातलेला अर्धचंद्राकार मातीचा बांध. वरची बाजू उघडी, त्यामुळे डोंगरावरून धावत येणारे पाणी तिथे थबकते. जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुढे जाते. अडलेले पाणी गुरे पितात आणि उरलेले हळूहळू जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पोहोचते. पाणी ओसरल्यावर तळाशी राहिलेला गाळ शेतात खत म्हणून पडतो. बांध कुठे घालायचा, हे ग्रामसभा ठरवते आणि प्रत्येक घर श्रमदानात आपला वाटा उचलते. म्हणूनच पुढे बांध फुटला तर दुरुस्तीसाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही.

नदीच्या उगमाजवळच्या भांवता-कोल्याला गावांनीही हा कित्ता गिरवला. त्यांनी बांध घातले, शिवाय डोंगरावरची झाडेही राखली. बघता बघता अरवरीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक जोहड आणि बंधारे उभे राहिले. विहिरींची पातळी वर आली आणि १९९५ च्या सुमारास अरवरी बारमाही वाहू लागली. गहू, मोहरी, हरभरा पिकू लागला. गोठ्यात दूध वाढले. शहरांत गेलेली माणसे परतू लागली.

पाणी आले, तसे वादही आले. पाण्याबरोबर मासे आले आणि १९९६ मध्ये हमीरपुरा येथे सरकारने मासेमारीचा ठेका दिला. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि ठेका रद्द झाला. पण या प्रसंगाने एक प्रश्न पुढे आणला: नदी वाहू लागली खरी, तिचे पाणी वापरायचे कुणी आणि किती?

उत्तर म्हणून १९९९ मध्ये ‘अरवरी संसद’ भरली. खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांचे प्रतिनिधी तिचे सदस्य. ऊस आणि भात यांसारखी तहानलेली पिके घ्यायची नाहीत, शेतात बोअर मारायचे नाहीत, जंगल तोडायचे नाही, असे नियम त्यांनी स्वतःच ठरवले. या संसदेला ना पोलीस, ना कायद्याचा आधार. एखाद्याने नियम मोडला तर शेजाऱ्याचा शब्द आणि गावाची भीड, एवढाच तिचा धाक.

राजेंद्रसिंहांना २००१ मध्ये मॅगसेसे आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. तरीही अरवरीचे भवितव्य पुरस्कारांवर अवलंबून नाही. ओळीने दोन-तीन वर्षे पावसाने दगा दिला की अशी लहान नदी पुन्हा आटू शकते. त्या वेळी उसाचा मोह आवरणारा शेतकरीच तिला वाचवतो. बांध एका उन्हाळ्यात बांधून होतो. संयम मात्र दरवर्षी नव्याने पाळावा लागतो.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरिस्काला जाणार असाल, तर एखादा दिवस या गावांसाठी राखून ठेवा. वाघ दिसेलच याची खात्री कुणी देत नाही. भरलेल्या जोहडाच्या काठी गुरे पाणी पिताना मात्र नक्की दिसतील.