लागला का?

मैफलीला वेळेवर येऊन बसणाऱ्या रसिकांत दोन तट असतात. गाणे सुरू होण्यापूर्वी तंबोरे लावण्यात जो वेळ जातो, तो एका तटाला शिक्षा वाटते; दुसऱ्याला तीच मैफलीची खरी सुरुवात वाटते. लहानपणी मी पहिल्या तटात होतो, हे कबूल केलेले बरे. आता मी दुसऱ्यात आहे, आणि ही माझी बदली आमच्या आत्याने केली.

आत्याचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती बातमी मी तिला वाचायला दिली, तेव्हा ती कोपऱ्यातल्या गवसणीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे त्याला सांग. फुगेल बिचारा!" पंढरपूरकडच्या मळ्यातला तो भोपळा आधीच इतका फुगलेला, की लहानपणी मला त्यावर पोट टेकून पोहायला शिकावेसे वाटे.

आज खिशातला फोन पुढे धरला की कोणती तार किती चढली, किती उतरली, हे काटा दाखवतो. १९९० च्या सुमारास आमच्या घरी काटा होता तो फक्त वजनाचा. स्वर लावायचे साधन म्हणजे पेटी. आत्याच्या आवाजाला काळी चार मानवे. मी ती पट्टी दाबून भाता हलवीत बसायचा, आणि आत्याने खुंट्या पिळायच्या. खुंटी घसरू लागली की तिच्या दांड्याला खडू चोळायचा. शाळेतून खडूचे तुकडे खिशात घालून आणण्याची माझी सवय तेव्हापासूनची; मास्तर झाल्यावर ती कायदेशीर झाली, इतकेच.

चार तारा. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात. आत्या आधी जोड मिळवी, मग शेवटचा पितळी खर्ज, आणि मग पहिल्या तारेवर पंचम. मालकंस गायचा असला तर त्यात पंचम नाही, म्हणून ती तार मध्यमावर आणावयाची. विलायती वाद्यवृंदात सारे वादक ओबोच्या एका स्वरावर आपापली वाद्ये जुळवतात. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरतो, आणि बाकीच्यांनी त्याच्या घरी जायचे असते.

खुंटीने स्वर जवळपास आला की आत्या घोडीखालच्या मण्यांना हात घाली. मणी खाली सरकवला की स्वर केसभर चढतो, वर घेतला की उतरतो. जोडीतली एक तार सेकंदाला २०८ आणि दुसरी २१० कंपने करीत असेल, तर दोघींच्या आवाजात सेकंदाला दोन हेलकावे येतात. मिळवता मिळवता हेलकावा लांबत जातो, संथ होतो आणि नाहीसा होतो. हे गणित मला फार पुढे कळले. त्या वेळी मला एवढेच कळे, की बाहेर विटीदांडू सुरू झाला आहे.

"लागला का?" आत्या विचारी.

"लागला!" मी भाता सोडून अर्धा उठलेलाच असे.

एकदा तिने मला तसाच थांबवला. रागावली नाही. म्हणाली, "खेळायला जायचं असेल तर जा, बाळ. पण न लागलेल्याला लागला म्हणू नकोस. तू जाशील अंगणात, आणि गाणाऱ्याला तो रात्रभर छळेल."

त्या दिवशी मी खेळायला गेलो नाही. आणि त्याच दिवशी मला गंधार दिसला. दिसला असेच म्हणतो. घोडीच्या पाठीवर, तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो योग्य जागी आला की तार घोडीला अशी घासून वाजते, की तिच्या पोटातले सारे स्वर उजळतात. त्यालाच जवारी खुलणे म्हणतात. आत्याने खर्जाखालचा धागा जरासा ओढला आणि जो स्वर कोणत्याही तारेवर लावलेला नव्हता, तो गंधार खोलीत येऊन उभा राहिला. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. त्याला स्वयंभू म्हणतात. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो आणि कितीतरी गोड.

वर्षे गेली. बाबा गेल्यापासून भाऊबीजेला आत्याकडे मी जातो. ओवाळून घ्यायला माझा काही हक्क नाही; पण ती पाट मांडते आणि मी बसतो. संध्याकाळी तिच्या जुन्या शिष्या मुलाबाळांना घेऊन येतात, फराळ होतो आणि मग एकेक जण गाते. आत्या आता गात नाही. तिला ऐकू येत नाही. कानातल्या यंत्रातून बोलणे कळते, पण तंबोरा लावला की त्यातून नुसते पत्रे वाजतात, असे ती म्हणते. म्हणून तंबोऱ्यापाशी बसताना ती यंत्र काढून ठेवते.

गेल्या वर्षी आदल्याच दिवशी नवी तार चढवली होती. नवी तार दोन दिवस उतरतच राहते. मंडळी खोळंबली होती, एकीची शेवटची एस. टी. होती. मी फोन काढला आणि चारही तारा हिरव्या खुणेवर आणून ठेवल्या. आत्याने काही म्हटले नाही. भोपळ्यावर तळहात ठेवला, जोड छेडली. हेलकावा असता तर तो तिच्या हाताला कळला असता. नव्हता. मग खर्ज छेडला आणि माझ्याकडे पाहिले.

"लागला का?"

फोन 'हो' म्हणत होता. घड्याळही 'हो' म्हण म्हणत होते. गंधार मात्र आला नव्हता. आणि तो आला की नाही, हे आता तिला कधीच कळणार नव्हते. जन्मात प्रथमच मला तिच्याशी खोटे बोलून सुटता येण्यासारखे होते.

मी मान हलवली. "नाही."

तिने धागा केसभर सरकवला. छेडले. माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा 'नाही' म्हटले. असे चार वेळा झाले. मुले कुजबुजू लागली. पाचव्या वेळी मी तोंड उघडण्यापूर्वीच आत्याने धाग्यावरचा हात काढून घेतला.

"आला," ती म्हणाली.

मी चकित होऊन खुणेनेच विचारले, "तुला कसं कळलं?"

"तुझ्या तोंडावर दिसला की!" ती म्हणाली, आणि एस. टी. चुकणाऱ्या मुलीच्या हाती तंबोरा दिला.