मेळ जमविणारे गुरुजी

'कंडक्टर' हा शब्द लोणंदच्या बाजारपेठेत उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाकी पोशाखातील, घंटीची दोरी ओढून एस. टी.ची गाडी सोडणारा वाहकच उभा राहील. पाश्चात्त्य संगीतात मात्र वाद्यवृंदाच्या नायकास हेच नाव आहे. दोघांत एक साम्यही आहे. गाडी वाहक स्वतः हाकीत नाही, आणि नायक स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही. तथापि त्याच्या खुणेवाचून कोणी जागचे हलत नाही. त्यातही मुलांचे वाद्यवृंद चालविणारे जे नायक आणि शिक्षक असतात, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे; कारण आमच्या मते त्यांचे काम सर्वांत कठीण असून त्याची कदर सर्वांत कमी होते.

असा नायक पाहण्यासाठी लोणंदकरांस परदेशी जावयास नको. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या गावी मुक्कामास येते. तळावर समाजआरतीच्या वेळी दिंड्या सभोवार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा असा कल्लोळ चाललेला असतो की शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये. इतक्यात चोपदार आपला दंड वर उचलतात आणि तो सारा नाद क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग त्या दिंडीची तक्रार ऐकून घेतली जाते आणि त्यानंतर तेही टाळ शांत होतात. हा प्रकार आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहो. हजारो माणसांस थांबविणाऱ्या त्या दंडात बळ कशाचे असते? आपले गाऱ्हाणे ऐकून घेतले जाईल, या विश्वासाचे ते बळ असावे, असे आम्हांस वाटते.

युरोपातही आरंभी दंडच होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारचा संगीतकार झां-बाप्तिस्त लुली हा जड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. इ. स. १६८७ मध्ये ती काठी त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली, आणि त्यातच त्याचा अंत झाला. पुढे कालांतराने त्या काठीच्या जागी हलकी, आवाज न करणारी छडी आली. नायक उजव्या हाताने ताल दाखवितो. डाव्या हाताने नाद कोठे वाढवावा, कोठे उतरवावा आणि कोणी केव्हा सुरुवात करावी हे सुचवितो. प्रत्येक वादकापुढे केवळ त्याच्या वाद्याचा कागद असतो. सर्व वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली वही नायकापुढे असते. शिवाय त्याची खूण नादाच्या किंचित आधी व्हावी लागते. जे अद्याप वाजलेले नाही ते त्याला अगोदर मनात ऐकावे लागते.

प्रौढांच्या वाद्यवृंदात नायकास निवडीचा अधिकार असतो. जो चुकतो त्याच्या जागी दुसरा आणता येतो. मुलांच्या शिक्षकास हे सुख नाही. जी मुले येतील त्यांतूनच त्याला मेळ जमवावा लागतो. बरे, दोन-चार वर्षांच्या खटाटोपाने मुले तयार झाली, की नेमक्या त्याच वेळी ती शाळा सोडून जातात. शेतकऱ्याचे पीक निदान त्याच्या खळ्यावर येते. या शिक्षकाचे पीक मात्र नेहमी दुसऱ्याच्या खळ्यावर पडते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे मेहली मेहता. यांचा जन्म इ. स. १९०८ चा. व्हायोलिनचे बरेचसे शिक्षण त्यांनी स्वतःच्याच कष्टाने केले आणि इ. स. १९३५ मध्ये मुंबईत 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. जगप्रसिद्ध नायक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. पुढे मेहली इंग्लंडात मँचेस्टर येथील 'हॅले' वाद्यवृंदात वाजवीत. तेथून ते अमेरिकेस गेले. इ. स. १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी तरुण वादकांचा 'अमेरिकन यूथ सिंफनी' हा वाद्यवृंद हाती घेतला आणि इ. स. १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत, तो चालविला. त्या वाद्यवृंदातून तयार झालेली मुले अमेरिकेतील मोठमोठ्या वाद्यवृंदांत जाऊन बसत, आणि मेहली पुन्हा नव्या मुलांस घेऊन पहिल्यापासून आरंभ करीत. ते इ. स. २००२ मध्ये वारले. पुढे इ. स. २०२४ मध्ये ती संस्थाही बंद पडली. परंतु तेथे शिकलेल्यांच्या हातांतील विद्या काही संस्थेबरोबर संपली नाही.

मुंबईस असे वादक लाभले त्याचे बरेचसे श्रेय गोमंतकातील खेड्यांस आहे. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत 'मेस्त' म्हणून ओळखला जाणारा शिक्षक गावातील मुलांस स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका चर्चमधील गायकवृंदाच्या शिक्षकाचे पुत्र. त्यांनी इ. स. १९५८ मध्ये मुंबईत हिंदी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. संगीत-दिग्दर्शक प्यारेलाल हे व्हायोलिनमध्ये त्यांचे शिष्य होत. इ. स. १९७७ च्या एका चित्रपटातील गाण्यामुळे गोन्साल्विसांचे नाव घरोघर गेले. ती शिष्याने गुरूस दिलेली मानवंदना होती. ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांस हे नाव एका खऱ्या शिक्षकाचे आहे याची कल्पना असेल?

उत्तरेकडे मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी इ. स. १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांस जमवून वाद्यवृंद उभारला. त्यासाठी बंदुकांच्या नळ्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे वाद्य बनविले. पंडित रविशंकर यांच्यासारख्या शिष्यांचे हे गुरू, पण ज्या मुलांस कोणी नव्हते त्यांच्या हातीही त्यांनी वाद्य दिले. बुद्धिमान शिष्य घडविणारे गुरू आपल्या देशात पुष्कळ झाले. जे समोर येईल त्या मुलास मेळात बसविणारे थोडे.

मोठी उदाहरणे दिली म्हणून लहानांचा विसर पडू नये. आमच्या पाहण्यातील एक शिक्षक एका शाळेत बासऱ्या, पेटी, तबला, ढोल आणि झांजा यांचा मेळ चालवीत. संमेलन पंधरा दिवसांवर आले असता काही वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांस सुचविले, "मास्तर, ती तीन पोरे ताल चुकवितात, पाहुण्यांपुढे शोभा होईल, त्यांस वगळावे." मास्तर म्हणाले, "वगळतो. पण मग त्यांना बसवू कोठे, तेवढे सांगा." कोणी उत्तर दिले नाही. मास्तरांनी त्या तिघांस एकेकटे जवळ बसवून वाजविण्यास सांगितले, तेव्हा निराळीच गोष्ट उघड झाली. एकास मागच्या रांगेतून मास्तरांचा हात दिसतच नव्हता; दुसरा ढोलाच्या धाकाने आधीच घाई करी; तिसऱ्यास मात्र ताल खरोखरच अवघड जात होता. पहिल्यास पुढे आणले, दुसऱ्यास ढोलापासून दूर बसविले. तिसऱ्यासाठी मास्तरांनी झांजेचे काम नव्याने लिहिले: सबंध गतीत चारच ठोके, आणि मधले सारे मोजून गप्प राहावयाचे. तो मुलगा पंधरा दिवस शाळेच्या वाटेवर आकडे मोजीत चाले. संमेलनात चारही ठोके जागच्या जागी पडले. टाळ्या बासरी वाजविणाऱ्या मुलास मिळाल्या, आणि ते योग्यच होते. मास्तर सर्व वेळ श्रोत्यांकडे पाठ करून उभे होते. परीक्षा झाल्या, वरच्या वर्गातील मुले गेली, आणि जून महिन्यात मास्तर नव्या मुलांस 'सा' कसा धरावा हे पुन्हा शिकवू लागले.

पालकांस आमची एक विनंती आहे. सहामाही परीक्षा झाली की "आता वाजविणे पुरे, अभ्यास कर" म्हणून मुलांस मेळातून काढण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. परीक्षेची काळजी आम्हांसही समजते. परंतु एक बासरी गेली की ती ज्या आठ मुलांच्या आधाराने वाजत होती ती आठही मुले डळमळतात, आणि शिक्षकांस मागचे सारे काम पुन्हा करावे लागते. मुलास मेळात घालावयाचे की नाही हे जूनमध्येच ठरवावे, आणि एकदा घातल्यावर संमेलनापर्यंत राहू द्यावे. आठवड्यातील दोन तासांनी कोणाचे गणित बुडाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे यंदा शाळा सोडून पुण्यास, साताऱ्यास किंवा आणखी दूर जाणार आहेत, त्यांनी सुटीत घरी आल्यावर एखाद्या संध्याकाळी सरावाच्या खोलीत डोकवावे. पुढे बसून वाजवून दाखविण्याची गरज नाही. मागच्या रांगेत ज्या लहानग्याचा ताल चुकत असेल त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर आकडे मोजावेत. गुरुजींचे तेवढे काम हलके होईल.