रस्सा एक्स्ट्रा आहे, सर!

कोल्हापूरकराला चिडवायचं असेल तर फार कष्ट नकोत. त्याच्यासमोर बसून 'व्हेज कोल्हापुरी' ऑर्डर करायची. लालभडक ग्रेव्ही, त्यात फ्लॉवर-गाजर, वर एक उभी मिरची. ही भाजी आमच्या मुरगुडात कुणाच्या घरी शिजलेली मी तरी पाहिलेली नाही. पण देशभरातल्या मेन्यूकार्डांवर आमच्या जिल्ह्याच्या नावाचा 'तोंड पोळेल इतकं तिखट' एवढाच अर्थ उरलाय. आम्हीही हसून सोडून देतो. बाहेरच्यांना काय ठाऊक!

पण एखादं हॉटेल 'ऑथेंटिक कोल्हापुरी' म्हणून मिरवतं आणि थाळीचे साडेबाराशे रुपये लावतं, तेव्हा थोडी अपेक्षा ठेवायचा हक्क आपल्याला आहे की नाही?

पुण्यातल्या अशाच एका पॉश ठिकाणाचा हा किस्सा. नाव जाऊ दे. मुरगूडहून आई-आबा आले होते, त्यात बायकोचं प्रमोशन झालेलं. चौघं निघालो. ॲम्बियन्स एकदम झकास! मंद दिवे, भिंतीवर पैलवानांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. आबा प्रत्येक फोटोपुढे थांबून खूष. मग थाळ्या आल्या.

सुकं मटण बरं होतं, खोटं कशाला बोला? पण तांबड्याला टोमॅटोचा गोडसर वास. आमच्याकडे तांबड्याचा जीव असतो चटणीत. चटणी म्हणजे वर्षाची एकदाच, उन्हाळ्यात, डंकावर कांडून आणलेली कांदा-लसणाची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. आणि पांढऱ्यात तर चक्क क्रीम! पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, त्यात नारळाचं दूध, वाटलेली खसखस-काजू आणि खडा मसाला. तो पातळच हवा. चमच्यानं खायचा नाही, वाटी तोंडाला लावून भुरका मारायचा.

हेही चालवून घेतलं असतं. चव काय, आचाऱ्यागणिक बदलते. खरा घोळ पुढेच झाला.

वाट्या अत्तरदाणीएवढ्या. दोन भुरक्यांत तळ दिसला. आबांनी सवयीनं हाक दिली, "पोरा, रस्सा आण की!"

वेटर वाकून म्हणाला, "सर, रस्सा एक्स्ट्रा आहे. बाउलला वन एटी."

आबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "रश्श्याचं पैसं? मग थाळीचं कशाचं घेतलं रं?"

आम्ही दोन बाउल मागवले. पण आबांनी वाटी पुढे केली नाही. "पोट भरलं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. आईनं माझ्याकडे फक्त पाहिलं. आबांचं पोट कधी भरतं ते तिला पक्कं ठाऊक.

हा आबांचा कंजूषपणा नव्हे. आमच्याकडच्या पाहुणचाराचं गणितच तसं आहे. जत्रेला मटण ठरलेलं असतं, पण पाहुणे किती येतील याचा नेम नसतो. घरच्यांनी चार बोलावलेले, ते येताना आणखी दोघांना घेऊन येतात. अशा वेळी फोडी मोजून वाढतात, रस्सा न मोजता. बादली आणि वगराळं घेऊन माणूस पंगतीतून फिरतो, आणि ताटावर आडवा हात धरला तरी "घ्या हो, घ्या" म्हणत ओततो. मटण थोडं असलं तरी रश्श्यावर पंगत निभावते आणि यजमानाची मान ताठ राहते. कोल्हापुरातल्या बहुतेक खानावळींनी हेच गणित उचललं. थाळीतलं मटण मोजकं, तांबडा-पांढरा मागाल तितका. तिथे वाटी रिकामी दिसली की वाढपी न विचारता भरतो. त्या वाटीला रेट लावला, की उरतं ते मटणाचं पाणी.

बिल आलं. ५,३६० च्या वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ५३६ रुपये. आणि या सगळ्यावर पुन्हा ५ टक्के जीएसटी. म्हटलं, हे मात्र नाही चालणार बॉस! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ लाच स्पष्ट केलंय, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही. रेस्तराँवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं ग्राहकांच्या बाजूनं निकाल दिला. द्यायचा की नाही, हा निर्णय तुमचा. मॅनेजरला शांतपणे एवढंच सांगितलं. आधी 'कंपनी पॉलिसी' झाली, मग दुसरं बिल आलं: ५,६२८. ऐकलं नसतं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर होताच.

तेवढ्यात आबा त्या वेटरशी बोलत उभे. "जेवलास का रं?" पोरगा ओडिशाचा, शिफ्ट संपल्यावर जेवणार होता. आबांनी खिशातून शंभराची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. रश्श्याचा रेट काही त्यानं ठरवला नव्हता, हे त्यांना नेमकं कळत होतं.

तर हॉटेलवाले दोस्तहो, थाळीचे साडेबाराशेचे चौदाशे करा, आमची हरकत नाही. तुमचं भाडं, पगार, एसी, सगळं समजतं आम्हाला. फोटो राहू दे, मंद दिवे राहू दे. फक्त टेबलावर तांबड्या-पांढऱ्याचे दोन जग भरून ठेवा. नसेल परवडत, तर पाटीवरचं 'कोल्हापुरी' तेवढं पुसा.

आणि तुम्ही वाचकमंडळी, गावाकडच्या माणसांना असल्या ठिकाणी नेणार असाल तर टेबल बुक करतानाच फोनवर एक प्रश्न विचारून टाका: "रस्सा परत वाढता ना?" पलीकडचा माणूस अडखळला, तर फोन ठेवा आणि सरळ एखादी खानावळ गाठा.