बिनबोलावलेले बिऱ्हाडकरू

चोर आणि आगंतुक ह्या दोन प्रकारच्या माणसांविषयी आमच्या पूर्वजांची समजूत फार स्पष्ट होती. चोर रात्री येतो, मागच्या दाराने येतो, आणि आपण आलो हे घरधन्यास कळू नये अशी त्याची मनोमन इच्छा असते. आगंतुक दिवसाढवळ्या पुढच्या दाराने येतो, आणि आपण आलो आहो ह्याचा घरधन्यास विसर पडू नये म्हणून तासातासाला चहाची आठवण करून देतो. पहिल्यासाठी कुत्रा पाळावा आणि दुसऱ्यासाठी सहनशीलता अंगी बाणवावी, असा सर्वमान्य शिरस्ता होता. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण दुसऱ्या वर्गासाठी आहे. पहिल्या वर्गासाठी पोलीस आहेत. परंतु संगणक आणि फोन ही दोन यंत्रे घरोघर नांदू लागल्यापासून हा भेद पुसट होत चालला आहे. आणि तो पुसण्याचे पाप चोरांपेक्षा आगंतुकांच्याच पदरी अधिक जाते, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.

आमचे गाव नांदगाव. मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवलीच्या अलीकडे जेथून देवगडचा रस्ता फुटतो, तो तिठा आमचाच. इकडच्या जुन्या घरांत परक्याने कोठवर यावे ह्याचा एक अलिखित कायदा असे. खळ्यात कोणीही उभे राहावे, पडवीत ओळखीच्याने बसावे, माजघरात आप्तांनीच यावे. देवघर आणि पैशाची पेटी ह्यांच्या वाटेस तर घरच्या मुलांनीही विचारल्यावाचून जाऊ नये. फोनातही असे उंबरठे आहेत, नाहीत असे नाही; पण तेथे विजेरीचे काम करणारे य:कश्चित ॲपसुद्धा पहिल्याच भेटीत नातेवाइकांच्या पत्त्यांची वही मागू लागते, आणि ती न दिल्यास उजेड दाखवावयास नकार देते!

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक संगणक विकत घेतला. कंपनीचे नाव सांगून तिची फुकट जाहिरात करण्याची आमची इच्छा नाही. खोके उघडून यंत्र सुरू करतो तो काय, आमच्या आधीच आत चार-पाच बिऱ्हाडे थाटलेली! एक दुकानदार, एक हवामान सांगणारा, दोन खेळगडी आणि एक पहारेकरी. ह्यांपैकी एकासही आम्ही बोलावले नव्हते. पहारेकऱ्याचे वेतन पहिले तीस दिवस माफ होते. एकतिसाव्या दिवशी सकाळी त्याने तांबड्या अक्षरांत जाहीर केले की, आमचा संगणक असुरक्षित आहे. खाली दोन बटणे होती. एक ठसठशीत निळे, ‘आत्ताच संरक्षण घ्या’. दुसरे राखाडी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘धोका पत्करून पुढे जा’. आम्ही दुसरे दाबले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशी तोच. यंत्रवाल्या कंपनीस टेलिफोन केला, तेव्हा पुष्कळ वेळ सनईवादन ऐकविल्यावर एका अतिशय विनयशील तरुणाने सांगितले की, पहारेकरी आमचा नव्हे, त्याच्या मालकास विचारा. मालकाने सांगितले, यंत्रवाल्यांस विचारा. ज्याला आत घेतल्याची जबाबदारी कोणाचीच नाही, त्याला बाहेर घालवण्याची जबाबदारी अर्थातच कोणाची असणार?

वास्तविक हा पहारेकऱ्याचा व्यवसाय मुळात सचोटीचा. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसी वर्गातील संगणकांवरचा पहिला व्हायरस समजला जातो. त्यात त्या बंधूंनी आपली नावे, पत्ता आणि टेलिफोनचे आकडेही नमूद करून ठेवले होते. इतके सभ्य उपद्रवकर्ते पुन्हा झाले नाहीत. पुण्यास कैलास काटकर ह्यांचा संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय होता. दुरुस्तीस येणारी यंत्रे व्हायरसने नाडलेली असत, म्हणून त्यांचे बंधू संजय ह्यांनी त्यावर उतारा लिहिला आणि त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. आधी रोग आणि मग औषध, असा तो सरळ क्रम होता. आमच्या संगणकातील पहारेकऱ्यासारख्यांनी मात्र क्रम उलटा केला: आधी भीती, मग वर्गणी, रोग असला तर असला.

ह्या भीतीचे फळ काय, हे आम्हांस गेल्या मे महिन्यात नांदगावीच दिसले. आमच्या थोरल्या वहिनी सत्तरी ओलांडलेल्या, मुले मुंबईस. आमच्या बंधूंच्या मागे त्यांस जे निवृत्तिवेतन मिळते त्याची विचारपूस त्या फोनावरच करतात, आणि रात्री त्याच फोनावर दशावतारी नाटके पाहतात. एके दिवशी नाटक ऐन रंगात असता पडद्यावर तांबडी पाटी झळकली: फोनात तेरा व्हायरस, त्वरित अमुक ॲप उतरवून घ्या. वहिनी तशाच फोन घेऊन आल्या.

“भावोजी, ह्या बघा काय म्हणता ता! फोन मरतलो काय माझो?”

आम्ही पाहिले. ती पाटी ठकाची होती. परंतु त्याच फोनात, तो बनवणाऱ्या कंपनीनेच बसवलेला एक सफाईवाला आहे, आणि तोही दर आठवड्यास ‘कचरा फार झाला, आत्ताच साफ करा’ म्हणून तांबडी पाटी लावतो व सफाई झाल्यावर जाहिरात दाखवतो. दोन्ही पाट्या आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या. रंग तोच, घाई तीच, ‘हो’चे बटण तितकेच मोठे. तीस वर्षे विद्यार्थ्यांना शब्दांचे बारकावे शिकवण्यात घालवली. पण ह्या दोन मजकुरांतला साव कोणता आणि चोर कोणता, हे भाषेवरून सांगता येईना. आम्ही म्हटले, “वहिनी, ह्याला बोट लावू नका.” त्यावर त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

“इतकी वर्सा ‘हो’ म्हणान बोट लावलंय, तेव्हा काय झाला नाय. मगे आताच कित्याक भियाचा?”

ह्या एका प्रश्नात सारा विषय आला. वहिनींस ‘हो’ म्हणावयास ठकांनी शिकवले नाही. प्रतिष्ठित कंपन्यांनी शिकवले. अटींची पन्नास पाने पुढे टाकून खाली ‘मला मान्य आहे’ एवढेच एक बटण ठेवले, तेव्हा न वाचता मान्य करण्याचा पाठ त्यांनीच दिला. ठकाने फक्त तयार शेतात पेरणी केली.

हा केवळ सवयीचा प्रश्न नाही. कधी कधी आगंतुक चोरासाठी दारही उघडून ठेवतो. २००५ साली सोनी बीएमजी ह्या संगीत-कंपनीने, सीडींची नक्कल होऊ नये म्हणून, ग्राहकांच्या संगणकांत लपून राहणारे एक सॉफ्टवेअर बसवले. थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणारे त्याच्याच आडोशाला लपू लागले. २०१५ साली लेनोवो कंपनीच्या काही संगणकांत आधीच बसवलेले ‘सुपरफिश’ उघडकीस आले. जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते सुरक्षित म्हणवणाऱ्या स्थळांच्याही ओळखपत्राच्या जागी आपलेच ओळखपत्र पुढे करी. आणि सर्व संगणकांत किल्ली एकच असल्यामुळे ती ज्याच्या हाती पडेल, त्यास बँकेचे सोंग घेणे सुलभ झाले. हेतू चोरीचा नव्हता, हे खरे. पण दाराची कडी काढणाऱ्याचा हेतू विचारून चोर आत येत नाही.

कंपन्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. हे बिऱ्हाडकरू जे भाडे देतात, त्यामुळेच यंत्र स्वस्त मिळते, असे त्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. शिवाय प्रत्येक पाटीस ‘नको’ म्हणणे हाही शहाणपणा नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार उडवला, त्याच्या दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती पाठवली होती; ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांतलेच पुष्कळ बुडाले. पण म्हणूनच आमची तक्रार अधिक तीव्र होते. ज्या दुरुस्तीस ‘हो’ म्हणणे जरुरीचे, ती आणि दुकानदाराची आरोळी एकाच सुरात येतात. मग कंटाळलेला गृहस्थ एक तर सर्वांस ‘हो’ म्हणतो, नाही तर सर्वांस ‘नको’. आणि दोन्ही रीतींनी नागवला जातो.

कायदा अगदीच निजलेला नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि आधीच बसवलेली तिची ॲपे ग्राहकास काढता आली पाहिजेत असेही बजावले. २९ मार्च २०२३ रोजी अपिलात दंड कायम राहिला, पण ॲपे काढू देण्याचा तो हुकूम मात्र रद्द झाला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे मालकाने दंड भरावा आणि बिऱ्हाडकरूने जागेवरच राहावे! त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकास फसवणाऱ्या तेरा युक्त्या निषिद्ध ठरवल्या. नकार देणाऱ्यास लाजवणे, पुन्हा पुन्हा भंडावणे, वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे, व्हायरसचा खोटा धाक घालणे, ह्या सर्वांची नावे त्या यादीत आहेत. आमच्या पहारेकऱ्याचे निम्मे चरित्रच तेथे आम्हांस आढळले.

परंतु यादी करून सवय मोडत नाही. ती घरातच मोडावी लागते. १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा साध्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक माल आणला आणि आपसांत वाटून घेतला. तोच एकोपा येथेही उपयोगी पडेल. चार घरांनी एका सुटीच्या संध्याकाळी आपापले फोन घेऊन बसावे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांच्या फोनांतील नको ती बिऱ्हाडे, निघतील तेवढी, काढावी. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ह्या ग्राहकांच्या क्रमांकावर, आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवावे, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावावे. पाटी कितीही तांबडी असली तरी तिच्यावरून कधी काही उतरवू नये. दुरुस्ती फोनाच्या सेटिंगमध्ये स्वतः जाऊन घ्यावी.

कंपन्यांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. ‘नको’च्या बटणास ‘हो’च्या बटणाइतकाच आकार आणि तोच रंग असावा, आणि एकदा ‘नको’ म्हटले की ते लक्षात ठेवण्याची सभ्यता असावी. एवढे झाले तरी वहिनींच्या हाती एक साधी कसोटी येईल: नकार दिल्यावरही जो हलत नाही, तो चोर. आज ही कसोटी लावू गेल्यास फोनातील बहुतेक प्रतिष्ठित मंडळी तीत सापडतील. आणि आमच्या मते ह्यात कसोटीचा काही दोष नाही.