कोणत्या झाडाखाली?

सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे घेत असताना संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे केलेले विवेचन आम्हांला बारकाईने अभ्यासावे लागे. विवेकी माणूस तीन पायऱ्यांनी कृतीकडे जातो, असे ते सांगतात. आधी तो विचारविनिमय करतो, मग निवाडा करतो आणि शेवटी 'हे असे करावे' अशी आज्ञा देतो. विवेकाचे जे घटक त्यांनी मोजले आहेत त्यांत 'शिकून घेण्याची तयारी' हाही एक आहे, आणि ती तयारी जाणत्यांच्या अंगीही असली पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे.

त्या वयात हे सारे परीक्षेपुरते वाटे. पुढे बऱ्याच वर्षांनी, धर्मगुरूंसाठी भरविलेल्या एका हिशेब-शिबिरात व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी फळ्यावर त्रिकोण काढला. तळाशी दुकानातला, कारखान्यातला रोजचा व्यवहार. मध्ये त्याचा गोषवारा. शिखरावर संचालकांचा निर्णय. तळातली माहिती वर पोहोचविणारी जी व्यवस्था, तिला त्यांनी 'माहिती प्रणाली' म्हटले. ती निर्णय घेत नाही, निर्णयाला आधार देते, हे त्यांनी पुनःपुन्हा बजावले. मला संत थॉमस आठवले. यंत्र पहिल्या पायरीवर सोबत करते. निवाडा आणि आज्ञा माणसाच्याच माथी राहतात. परंतु ही मर्यादा पाळली जाते का? आपल्या समाजातील कित्येक तरुण-तरुणी आज बँकांत, विमा कंपन्यांत, मोठमोठ्या व्यापारी संस्थांत पडद्यावरचे आकडे पाहून निर्णय घेतात, किंवा इतरांनी घेतलेले निर्णय सोसतात. म्हणून या विषयाचा मी जमेल तसा पाठपुरावा केला, आणि त्यात मला एकाच घराण्याच्या दोन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट चहाची आहे. लंडनची जे. लायन्स आणि कंपनी ही चहा, केक आणि पाव यांसाठी इंग्लंडभर प्रसिद्ध होती. 1894 साली तिचे पहिले चहागृह पिकॅडिलीत उघडले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. पावाच्या एका लादीमागे किंवा केकच्या एका तुकड्यामागे नफा अगदी किरकोळ. त्यामुळे कोठे किती माल गेला, किती उरला, हे वेळेवर न कळले तर नफ्याचा तोटा व्हायला वेळ लागत नसे. कंपनीत जॉन सिमन्स नावाचे केंब्रिजला गणित शिकलेले अधिकारी होते. कारकुनांचे ढीगभर कागद व्यवस्थापकाला शहाणे करीत नाहीत, हे त्यांनी फार आधी ओळखले होते. 1947 साली कंपनीने आपली दोन माणसे अमेरिकेत पाठविली. तेथे त्यांना नव्या गणनयंत्रांची वार्ता लागली, आणि तसेच यंत्र आपल्याच केंब्रिजमध्ये बांधले जात आहे हेही कळले! लायन्सने विद्यापीठाला पैसा व माणूस देऊन हातभार लावला, आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव 'लिओ'. नोव्हेंबर 1951 मध्ये बेकरीच्या मालाचे मूल्य काढण्याचे नित्याचे काम त्याने सुरू केले. व्यापारी कामासाठी संगणक नियमित राबविण्याची जगातली ही पहिली वेळ. एका चहावाल्या कंपनीने हे करावे याचे मला आजही कौतुक वाटते.

मला अधिक भावते ते लिओने त्यानंतर केलेले काम. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेला उद्याची मागणी रोज कागदावर भरावी लागे. डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 च्या सुमारास ही पद्धत बदलली. प्रत्येक चहागृहाची वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्रात नोंदविली गेली. मग रोज मुख्य कचेरीतली मुलगी दूरध्वनीवरून व्यवस्थापिकेला एवढेच विचारी, की उद्या नेहमीपेक्षा काही कमी-जास्त हवे का? ऊन पडणार असेल, शेजारी काही समारंभ असेल, तर ते त्या बाईलाच ठाऊक. ती सांगे, मुलगी कार्डावर भोके पाडी, आणि यंत्र रात्रीतून कोणत्या गाडीत काय भरायचे याची यादी छापून देई. वरच्या अधिकाऱ्यांपुढे सगळे आकडे ओतले जात नसत. नेहमीपेक्षा वेगळे घडलेले तेवढेच त्यांच्या नजरेस आणले जाई. निर्गम ग्रंथातल्या इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, हेच सांगितले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर माणसे नेम, अवघड तेवढे तुझ्याकडे येऊ दे.

अर्थात उत्तम माहिती म्हणजे उत्तम निर्णय नव्हे. एवढी सुरेख व्यवस्था असलेल्या लायन्सने पुढे परदेशी चलनात भरमसाट कर्जे काढली, पौंड घसरला, आणि 1978 साली ती कंपनी एका मद्य बनविणाऱ्या समूहाच्या हाती गेली. कर्ज काढा असे लिओने सांगितले नव्हते.

लिओचे घराणे मात्र चालू राहिले. 1963 साली त्याची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळली, त्यातून 1968 साली 'आयसीएल' ही मोठी ब्रिटिश संगणक कंपनी उभी राहिली, आणि तीही नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने जपानच्या फुजित्सूकडे गेली. याच आयसीएलने ब्रिटिश पोस्टासाठी 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली तयार केली. दुसरी गोष्ट तिची.

ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्ट कार्यालये बहुधा सब-पोस्टमास्तर चालवितात. ते सरकारी नोकर नव्हेत; स्वतःच्या छोट्या दुकानात करारावर पोस्टाची खिडकी चालविणारे हे कुटुंबवत्सल लोक. त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ. 1999 पासून त्यांच्या खिडकीवर होरायझनचे पडदे आले, आणि संध्याकाळचा हिशेब जुळेनासा झाला. हॅम्पशायरमधील एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन यांच्या पडद्यावर दोन हजार पौंडांची तूट दिसली. मदत-केंद्राने सांगितले तसे त्यांनी केले, तेव्हा डोळ्यांदेखत ती दुप्पट झाली! 2015 साली स्कॉटलंडमधील एका कार्यालयात आठ हजार पौंडांची नोंद करताना पडदा जागचा हलेना, म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. प्रत्येक दाबण्यागणिक प्रणालीने आणखी आठ हजार टिपले, आणि चोवीस हजारांची तूट कागदावर उभी राहिली. करारानुसार तूट भरून देणे सब-पोस्टमास्तरावर. मदत मागावी तर अनेकांना उत्तर मिळे, की असे फक्त तुमच्याकडेच होते आहे.

लिओच्या व्यवस्थेत मुलगी व्यवस्थापिकेला विचारीत असे. येथे विचारणारे कोणी उरले नव्हते.

पोस्टाने यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले. इतर यंत्रणांचे खटले धरून नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर 2010 मध्ये, पोटात बाळ असताना, पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. जो हॅमिल्टन यांच्यासाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले आणि कोर्टात गर्दी केली. त्यांच्याबरोबर गावच्या चर्चच्या धर्मगुरूही होत्या. यंत्राने काहीही सांगो, ही बाई चोर नाही, हे त्या गावाला माहीत होते. हे 'माहीत असणे' कोणत्याही प्रणालीत नोंदविलेले नव्हते.

दानिएलच्या ग्रंथातली सुसान्ना येथे मला आठवल्यावाचून राहत नाही. दोन वडिलांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली आणि लोकांनी ती खरी मानली, कारण ते वडील होते, न्यायाधीश होते. कोवळ्या दानिएलने एवढेच केले, की दोघांना वेगवेगळे करून विचारले, कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडांची नावे सांगितली. इंग्लंडच्या कायद्यात 1999 सालापासून असे गृहीत धरले जाऊ लागले, की उलट दिसून येईपर्यंत संगणक बरोबरच चालत होता. गृहीतक वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु यंत्राच्या चुकांच्या नोंदी ज्याच्या कपाटात, तोच फिर्यादी असला, तर 'कोणत्या झाडाखाली' हे आरोपीने विचारायचे कोणाला? खिडकीवरचा हिशेब बाहेरून कोणी बदलू शकत नाही, असे पोस्ट सांगत राहिले. फुजित्सूच्या लोकांना तो बदलता येत होता, हे नंतर उघड झाले.

वेल्समधील ॲलन बेट्स या सब-पोस्टमास्तरांचा करार 2003 साली संपविण्यात आला होता. 2009 साली त्यांनी पीडितांना एकत्र केले. 555 जणांचा दावा न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2019 मध्ये प्रणालीतील दोष न्यायालयाने मान्य केले. एप्रिल 2021 मध्ये 39 जणांची शिक्षा रद्द झाली, त्यांत सीमा मिश्रा व जो हॅमिल्टनही होत्या. 2024 साली संसदेने कायदा करून उरलेल्या बहुतेकांना एकदम दोषमुक्त केले. काहींना ते पाहायला मिळाले नाही. निदान तेरा जणांनी या पायी आपले जीवन संपविले असावे, असे चौकशी आयोगाने जुलै 2025 च्या अहवालात नोंदविले.

2012 ते 2019 या काळात पोस्टाच्या मुख्य अधिकारी असलेल्या पॉला व्हेनेल्स या इंग्लंडच्या चर्चच्या दीक्षित धर्मगुरू. 2024 साली आयोगापुढे त्यांनी सांगितले, की आपण फार विश्वास टाकला. हा विश्वास वरून मिळालेल्या अहवालांवर होता. खाली खिडकीत बसलेल्या माणसांच्या वाट्याला तो आला नाही. वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या कोणालाही हे वाचून अस्वस्थ व्हावे, असे मला वाटते. देवाच्या वचनावर बोलायला शिकणे आणि अधिकाराच्या खुर्चीत बसून ऐकायला शिकणे, या दोन निराळ्या विद्या आहेत.

हे फक्त विलायतेत घडते असे नाही. आमच्याकडे एकाच गावात एकाच नावा-आडनावाच्या तीन-चार बाया असतात, हे बाप्तिस्म्याची वही लिहिणारा प्रत्येक धर्मगुरू जाणतो. अशाच एका विधवा बाईला कर्जवसुलीची नोटीस आली. "फादर, मी दर महिन्याला भरलेत," एवढेच ती म्हणत होती. कर्ज देणाऱ्या संस्थेतला तरुण कारकून सौजन्याने सांगे, की सिस्टीममध्ये दिसत नाही. बाईने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात सगळ्या पावत्या होत्या. निवृत्तीला आलेले एक अधिकारी चश्मा पुसून दोन तास त्या पावत्यांचे क्रमांक ताडत बसले. हप्ते शेजारच्या गावातील तिच्या नामबहिणीच्या खाती जमा होत होते. आपले कर्ज इतक्या लवकर कसे फिटत आले याचे त्या दुसऱ्या बाईंना नवल वाटले होते म्हणे. पण तक्रार कोण कशाला करील?

त्या डब्यात पावत्या नसत्या तर काय, हा प्रश्न ते अधिकारी आणि मी, दोघांनीही एकमेकांना विचारला नाही.

ब्रिटनच्या न्यायखात्याने संगणकाच्या साक्षीविषयीच्या त्या गृहीतकाबद्दल जानेवारी 2025 मध्ये लोकांची मते मागविली. आमच्या धर्मग्रामाचा शैक्षणिक निधी तसा अगदी लहान, पण त्याच्या लाभार्थींची यादी आता संगणकावरच तयार होते. उत्पन्न, मुलांची संख्या, मागील वर्षीचे गुण, सारे भरले की नावे क्रमाने बाहेर पडतात. पॅरिश कौन्सिलपुढे जाण्याआधी ती यादी लघु ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांकडे जाते. तिच्या शेवटी एक रकाना कोरा सोडलेला असतो: 'यादीत असावयास हवे होते असे कुटुंब.' गेल्या वर्षी त्या रकान्यात तीन नावे आली. त्यांपैकी एका घरात अर्ज लिहिणारेच कोणी नव्हते.