नावं ठेवताना

आमचे 'हे' २०१७ साली बँकेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी बाग करतं, कोणी भजनी मंडळात जातं. यांनी नावं जमवायला सुरुवात केली. माणसांची नव्हे हो, वेबसाइटची! डोमेन म्हणतात ती.

खूळ भाच्यानं डोक्यात घातलं. पुण्याहून चार दिवस आमच्याकडे बडोद्याला आला होता. "मामा, एक चांगलं नाव घ्यायचं, त्यावर चार पानं लिहायची आणि ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान आपल्याला दलाली देतं. घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही." प्रकार खोटा नाही. ॲमेझॉन तर १९९६ पासून अशी दलाली देत आलं आहे. पण नाव कायमचं विकत मिळत नाही, दरवर्षी त्याचं भाडं भरावं लागतं, हे भाचा सांगायचा राहिला. पहिलं वर्ष शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. दुसऱ्या वर्षी खरा आकडा कळतो.

यांनी तेवीस नावं घेऊन ठेवली होती. वर्ष भरत आलं आणि बिलांची आठवण देणारी पत्रं संगणकावर येऊ लागली. बेरीज बावीस हजारांच्या घरात! पैसे फंडातले. मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून बाजूला ठेवलेले. दोन दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मीच वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. मी बावीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले आहेत. कात्री लावायच्या आधी माप घ्यायचं, एवढंच मला कळतं. म्हटलं, एकेक नाव वाचा.

पहिल्या नावातच एका मोठ्या कंपनीचं नाव गुंफलेलं. "लोक तेच शोधतात ना!" म्हणाले. शोधतात, पण नाव त्या कंपनीचं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच सांगितलं आहे की वेबसाइटच्या नावालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे. दुसऱ्याच्या पाटीवर आपलं दुकान थाटलं तर नोटीस येणारच, आणि नाव हातचं जाणार. खोडलं. एका नावात चक्क २०१८ हा आकडा होता. ते कॅलेंडरासारखं आपोआपच शिळं झालं. एकात मधोमध आडवी रेघ होती. ती तोंडी सांगायची कशी?

एक नाव मात्र सुरेख होतं, छोटं आणि गोड. पण इंटरनेटची जुनी पानं जपून ठेवणारं एक संग्रहालय आहे, तिथे पाहिलं तर त्या नावावर पूर्वी कोणी जुगाराचं दुकान चालवून गेलेलं. जुनं घर घेताना आपण आधीच्या भाडेकरूची चौकशी करतो की नाही? मग इथे का नको?

खरी गंमत झाली ती 'शिलाई' शब्द असलेल्या नावाची. माझं ते फार आवडतं. ग्वाल्हेरच्या वन्संना फोन लावला आणि म्हटलं, मी सांगते ते इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या. त्यांनी 'सिलाई' लिहिलं, हिंदीची सवय! इंदूरच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं 'श' बरोबर लिहिला, पण पुढे 'ए' दोनदा. शेजारणीनं शेवटी 'वाय' लावला. देवनागरीत एकाच तऱ्हेनं लिहिला जाणारा शब्द इंग्रजी अक्षरांत गेला की त्याची चार रूपं होतात, आणि चुकलेलं गिऱ्हाईक भलत्याच दारात जातं. २०१४ पासून देवनागरीतही नाव घेता येतं, शेवटी 'भारत' लावून. पण माझ्या ओळखीत पत्ता देवनागरीत टाइप करणारं अजून कोणी भेटलेलं नाही. मन घट्ट करून तेही खोडलं.

उरलेल्या नावांना मी एकच प्रश्न विचारला, "यावर आपण लिहिणार काय?"

वजन कमी करण्याची पावडर! दलाली भरपूर म्हणे. आमच्या दोघांकडे पाहून कोण विश्वास ठेवणार? गोव्याची हॉटेलं! गोव्याला आम्ही एकदाच गेलो, १९९४ साली, तेही आत्येसासूबाईंच्या घरी उतरलो होतो. पूर्वी म्हणे नावात नेमके शब्द असले की गूगलमध्ये वर जागा मिळायची. पण २०१२ च्या सप्टेंबरात गूगलनं नियम बदलला. नाव नेमकं पण पानं पोकळ, अशा वेबसाइट खाली ढकलल्या. भाच्याचा सल्ला त्याच्या आधीच्या काळातला होता.

शेवटी राहिलं एक नाव. घरगुती शिवणाच्या मशिनचं, दोन-तीन सोप्या इंग्रजी शब्दांचं. यांनी ते माझी समजूत काढायला घेतलं होतं! त्यावर मात्र मी न थांबता बोलू शकत होते. पायाचं मशिन घ्यावं की मोटारचं, नवशिकीला किती टाके पुरे, बॉबिनखाली दोऱ्याचा गुंता का होतो, जाड कापडाला कितव्या नंबरची सुई. मी बोलायचं, यांनी टाइप करायचं. मशिन रोज कोणी घेत नाही, पण सुया, बॉबिन, कात्र्या लागतच राहतात. नाव एकाच मॉडेलचं नव्हतं म्हणून त्यात हे सगळं मावलं.

तरी एक घोटाळा झालाच. मला न विचारता यांनी हातात धरून चालवायच्या चिमुकल्या मशिनवर एक पान लिहिलं. ती खूप विकली जात होती. एक दिवस इंदूरचा फोन. "बाई, तुमच्या पानावर वाचून घेतलं. मुलीच्या फ्रॉकची शिवण शाळेतच उसवली." उसवणारच! ती बहुतेक मशिन एकाच दोऱ्यानं साखळीटाका घालतात. टोक ओढलं की अख्खी शिवण सुटते. माझ्या वर्गात शिकलेली मुलगी, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. फ्रॉक मागवून घेतला, पायाच्या मशिनवर पुन्हा शिवून पाठवला. ते पान त्याच रात्री काढायला लावलं. त्या महिन्याची दलाली निम्म्यानं घटली, यांचा चेहरा उतरला, पण काही बोलले नाहीत. त्यानंतर एकही पान मी वाचल्याशिवाय जात नाही. लिंकमधून आम्हाला दलाली मिळते हेही वरच लिहिलेलं असतं.

पहिले सात महिने एक रुपया आला नाही. आठव्या महिन्यात चारशे बारा आले, तेव्हा यांनी पेढे आणले दोनशेचे! आता नावाचं भाडं निघतं, वर विजेचं बिल भागतं.

बावीस नावं सोडून दिली, असं मी समजत होते. परवा यांची डायरी चाळताना दिसलं, गोव्याच्या हॉटेलांचं भाडं गुपचूप भरलेलं आहे. विचारलं तर म्हणाले, "अगं, एक वर्ष बघू. नाहीतर असं करू, एकदा जाऊनच येऊ."